सत्ताविसावा मैल

मेळघाटात राहिले म्हटलं की लोक पहिल्यांदा वाघाचं विचारतात. वाघ मी दोन पाहिले, तेही लांबून, आणि दोघांनाही माझ्यात काही गोडी वाटली नाही. मी तिथं खरी पाहिली ती सडक. परतवाड्याहून निघायची, घाट चढायची, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचायची आणि तिथून पुढं बऱ्हाणपूरकडे जायची. दोन्ही अंगांनी साग, मधून लाल मुरमाची सडक, एक मोटार आली तर दुसरीनं बाजूला थांबावं एवढीच रुंद. विसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे मैल आमचे होते. आमचे म्हणजे माझ्या नवऱ्याचे आणि माझे. पगार त्यांच्या नावावर यायचा, पण सडक दोघांनी सांभाळली. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, म्हणून आता ठणकावून सांगते.

मी भातकुलीकडची. काळ्या जमिनीचं घर, चार भावांत एकटी, त्यामुळे दबून राहणं मला कुणी शिकवलंच नाही. आई म्हणायची, "इले सासरचे आठ दिवस ठेवतीन अन् गाडीत बसवून वापस आनून टाकतीन." तसं काही झालं नाही, कारण नवरा मिळाला तो देवमाणूस. पातूरकडच्या शेतकरी घरातला पहिला शिकलेला माणूस. नकाशा काढायला बसले की हात इतका स्वच्छ चालायचा की पाहत राहावं. पण तोंडातून शब्द काढायचा म्हटलं की आधी तो चारदा आत फिरवून पाहणार. माझं एक अख्खं भांडण होऊन मी स्वयंपाकाला लागलेली असे, तेव्हा हे म्हणायचे, "तू म्हनतं ते बराबर हाये." साहेबापुढं तर 'जी साहेब' याच्या पलीकडे मी त्यांच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं.

सडकेच्या खात्यात ते ओव्हरशियर होते, पण हंगामी. सहा वर्षं हंगामी. म्हणजे दर उन्हाळ्यात वरून कागद यायचा, त्यात नाव असलं तर पुढचं वर्ष, नसलं तर गाठोडं बांधा आणि पातूरला थोरल्या दिरांच्या घरी जा. जाऊबाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या घरात मिठाचा डबा कोणत्या फळीवर ठेवायचा हेही त्याच ठरवायच्या, आणि मला माझा मिठाचा डबा माझ्या मनाच्या जागी ठेवायचा होता. हसणाऱ्यांनी हसावं. ज्या बाईनं दुसरीच्या स्वयंपाकघरात दिवस काढले आहेत ती हसणार नाही.

त्या वर्षी भादव्याच्या शेवटी आमची बदली घाटावर झाली. बदलीच्या वेळी बडा साहेब ह्यांना म्हणाला होता, "दिवाळी झाली की मी मोटार घेऊन येतो. तुमच्या वीस मैलांत मोटार कुठं अडकली नाही आणि सगळं नीट दिसलं, तर तुमचं नाव कायमसाठी नागपूरला पाठवतो." हे घरी आले आणि नेहमीसारखं हळूच सांगितलं. मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मी म्हटलं, "झालं तर मंग. मोटार अडकनार नाई. मी पाहतो कशी अडकते ते." आमच्याकडे बायाही 'पाहतो' म्हणतात, पुण्याकडच्या लोकांना ते खटकतं, खटको.

पावसाळ्यात ती सडक मोटारीला बंदच असे. चार महिन्यांत जंगल तिला जवळजवळ परत घ्यायचं. झाडं आडवी पडायची, कडेची बांबूची बेटं आत झुकायची, उतारावरचा मुरूम वाहून जायचा आणि नाल्यांवरचे रपटे, म्हणजे पाण्यातून गाडी जायला दगडांनी बांधलेली वाट, उखडून कुठल्या कुठं जायचे. पाणी ओसरलं की गँग कामाला लागायची. आमची गँग जवळच्याच एका गावची, सगळे कोरकू, बाप्ये आणि बाया मिळून पंचवीसेक. त्यांचा मेट, म्हणजे गँगचा मुकादम, चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. तो आमच्याशी हिंदीत बोलायचा आणि आपल्या माणसांशी कोरकूत. काम कसं करायचं हे त्याला सांगावं लागत नसे. कुठला दगड पाण्यात टिकेल आणि कुठला दुसऱ्या वर्षी फुटेल हे तो नुसतं हातात घेऊन सांगायचा.

दसऱ्याच्या आधीच ह्यांना हिवतापानं धरलं. एक दिवसाआड ताप यायचा, दुपारी बरोबर जेवणाच्या वेळेला, तीन गोधड्यांखाली माणूस हलायचा. कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन कान बधिर झाले होते. वर कळवलं असतं तर दुसरा माणूस पाठवला असता आणि मग कायम होणं राहिलं बाजूला. म्हणून आम्ही कळवलं नाही. तापाच्या दिवशी मी छकडा जुंपायला सांगायची आणि सडकेवर जायची. पहिल्या दिवशी मेटानं माझ्याकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं, मग म्हणाला, "बाबू का बुखार?" मी म्हटलं, "हौ. अन् हे कोनाले सांगाचं नाई." त्यानं मान हलवली. त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही.

मी काही फुशारकी मारत नाही, पण मला ते काम जमलं. शेतातल्या मजुरांवर नजर ठेवायची सवय लहानपणापासूनची. कोण थकलं, कोण थकल्याचं सोंग करतं, पाणी कधी पाजायचं, काम कधी थांबवायचं, हे कुठंही सारखंच. मुरूम किती जाड पसरायचा ते हे रात्री कागदावर काढून द्यायचे आणि मी दिवसा करून घ्यायची. चौतिसाव्या मैलाचा रपटा सोडला तर दिवाळीला सगळं उरकत आलं होतं. साहेब यायला बारा दिवस होते आणि मला वाटत होतं की कागद आपल्या हातात आलाच.

मग मैलाच्या दगडांचं आलं. साहेब येणार म्हटलं की दर मैलाचा दगड चुन्यानं पांढरा करून त्यावर डांबरानं आकडा काढायचा, हा रिवाज. परतवाड्याहून एक रंगारी आला, चुन्याची घमेली आणि डांबराचा डबा घेऊन. आमच्या माणसांनी त्याच्यापुढं चालत कडेचं गवत आणि वेली साफ करायच्या आणि त्यानं मागून रंगवत यायचं, असं ठरलं. त्या दिवशी ह्यांचा तापाचा दिवस होता. मी अठ्ठाविसाव्या मैलाजवळ मुरमावर उभी होते, तर रंगारी धावत आला.

"बाई, सत्ताविसाव्याचा दगडच नाई. लय शोधला. पुरात गेला असन."

मी म्हटलं, "मंग?"

"तिथं सडकेच्या बाजूले एक लाकडी खांब हाये. जुना हाये. त्याच्यावर करून टाकू का?"

आता माझी चूक ऐका, आणि ती चूक फक्त आमच्यासारखं वऱ्हाडी माणूसच करू शकतं. मी त्याला विचारलं, "त्याले शेंदूर हाये का?"

आमच्याकडे देव म्हणजे शेंदूर. बांधावरचा असो, विहिरीजवळचा असो, झाडाखालचा असो, ज्याला शेंदूर आहे त्याला हात लावायचा नाही, आणि ज्याला नाही तो नुसता दगड. लहानपणी वावरातून धावताना आम्ही पोरंसुद्धा एवढं पाहूनच उडी मारायची की नाही ते ठरवायचो.

रंगारी म्हणाला, "शेंदूर नाई. थोडी नक्षी हाये. घोळा कोरला हाये अन् त्याच्यावर मानूस."

"कोन्या सुतारानं रिकामपनी कोरलं असन," मी म्हटलं. "शेंदूर नाई ना? मंग मार चुना. आकडा मोठा काढजो, साहेबाले मोटारीतून दिसला पायजे."

असं म्हणून मी पुन्हा मुरमाकडे वळले. मला त्यात काही वाटलंच नाही. उलट दगडावाचून काम भागवलं म्हणून मी संध्याकाळी ह्यांना कौतुकानं सांगितलं. ते तापानं इतके दमले होते की त्यांनी नुसता हुंकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रपट्यावर कुणी आलं नाही. मी दहापर्यंत वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. साहेब यायला दहा दिवस, रपटा अर्धा, आणि त्या अर्ध्यावरून मोटार तर सोडाच, शेळीसुद्धा धडपणे गेली नसती. माझं डोकं फिरलं. छकडा जुंपला आणि त्यांच्या गावी गेले. मनाशी बोलणी तयार होती. मेट त्याच्या अंगणात टोपली विणत बसला होता. मी गाडीतून उतरता उतरताच सुरू केलं, "काहून घरी बसून राहिले तुमी? दिवाळी झाली, सन झाला, आता काय?"

तो उठला. टोपली बाजूला ठेवली. म्हणाला, "बाई, तुमने मेरे बाप पर नंबर लिखा."

मला समजलं नाही. त्यानं मग चला म्हणून खूण केली आणि आम्ही पायवाटेनं सडकेकडे निघालो. वाटेत त्यानं सांगितलं, तुटक तुटक, मागं न वळता. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं सागाचं लाकूड कोरून उभं करतात. त्याला ते मुंडा म्हणतात. त्यावर घोडा कोरतात, स्वार कोरतात, सूर्य आणि चंद्र कोरतात. मग सगळं गाव जेवतं, आणि त्यानंतरच मेलेला माणूस आपल्या आधीच्या लोकांत जाऊन बसतो. तोवर तो भटकत राहतो. त्यानं बापाचं हे सगळं उशिरा केलं होतं, पाच वर्षांपूर्वी. बाप गेल्यावर सहा वर्षांनी. तेवढी वर्षं म्हातारा वाट पाहत होता, असं तो म्हणाला.

सडकेवर आलो. खांबाजवळ त्याची आई बसली होती, उकिडवी, डोक्यावरून पदर. ती दोन दिवस घरी गेली नव्हती. खांब कंबरेएवढा उंच, पांढराफटक, आणि त्यावर आमच्या रंगाऱ्यानं मोठा, अगदी मी सांगितला तेवढा मोठा आकडा काढला होता. सत्तावीस. दोनाचा फाटा स्वाराच्या तोंडावरून गेला होता आणि साताची काठी घोड्याच्या पोटातून.

म्हातारी काहीतरी बोलली. मेटानं हिंदी केली, "बोलती है, घोड़ा काला हो गया, अब वो बैठेगा कैसे?"

माझी बोलणी तिथंच जिरली. मी म्हटलं, "रंगाऱ्याची चूक नाई. मी सांगतलं त्याले. शेंदूर नव्हता, म्हनून मले वाटलं देव नाई."

मेट पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "देव थोड़ी है, बाई. बाप है."

मला खूप लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापेपर्यंत. मी त्याला काय पाहिजे ते विचारलं. बकरं पाहिजे तर बकरं, नवं लाकूड पाहिजे तर जंगलखात्याकडून मागून आणू. त्याला काही नको होतं. एवढंच म्हणाला की माँ उठेल तेव्हा गँग येईल, आणि माँ कधी उठेल ते त्याला ठाऊक नाही.

मी घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हे म्हणतील तू म्हणतेस ते बरोबर. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "चुना पान्यानं निघन. डांबराले रॉकेल लागन. उद्या सकाळीच चाल."

चुना निघाला. पाण्यानं आणि काथ्यानं घासून दुपारपर्यंत लाकूड मोकळं झालं. डांबर मात्र सागाच्या रेषांत शिरून बसलं होतं. मी रॉकेलचा बोळा घेऊन जोरानं घासायला लागले, तर ह्यांनी माझा हात धरला. "तुह्या हातानं घोळा पुसून जाईन. रेषा बारीक हायेत. सरक."

मग तो माणूस खाली मांडी घालून बसला आणि नकाशाच्या पेटीतला लहान चाकू घेऊन एकेक रेषा मोकळी करायला लागला. बोळा लावायचा, थांबायचं, चाकूच्या टोकानं डांबराचा पापुद्रा उचलायचा, फुंकर घालायची. घोड्याच्या एका पायाला अर्धा तास. मी शेजारी बसून बोळे भिजवून द्यायची, एवढंच माझं काम. एरवी मला असं बसवलं नसतं, पण त्या दिवशी बसले.

दुसरा दिवस तापाचा. मी म्हटलं, आज घरीच राहा. ऐकलं नाही. दुपारी थंडी वाजायला लागली तेव्हा चाकू खाली ठेवला, घोंगडी गुंडाळून तिथंच झाडाखाली पडले, घाम आल्यावर उठले आणि पुन्हा चाकू घेतला. मी चिडले. "मरता का इथंच," म्हटलं. म्हातारीनं हे सगळं पाहिलं. ती समोरच बसली होती, आमच्याकडे नाही तर त्या चाकूकडे पाहत.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी तिला विचारलं, नवरा कसा होता म्हणून. काम करता करता, मान वर न करता. मेटानं कोरकूत विचारलं. म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. सडक नव्हती तेव्हा नुसती बैलवाट होती. मोजणीचे लोक आले तेव्हा हाच त्यांच्यापुढं चालला. कोणता नाला पावसाळ्यात कुठवर चढतो ते त्यांना काय ठाऊक, ह्याला ठाऊक. तो उभा राहील तिथं ते खुंटी ठोकायचे. खूप खोडकर होता, मधाचं पोळं कुठं असेल ते ओळखायचा, दारू प्याला की मोजणीच्या साहेबाची नक्कल करायचा. तिनं ती नक्कल करून दाखवली, छाती काढून, डोळ्याला मुठीची दुर्बीण लावून. मला हसू आलं, ह्यांनाही आलं, आणि मेट तोंड फिरवून उभा राहिला.

संध्याकाळी ह्यांनी चाकू पुसला. खुरापाशी जरासा काळा राहिला होता, तो निघण्यासारखा नव्हता. म्हातारी उठली, खांबापाशी आली, घोड्यावरून, स्वारावरून, चंद्रावरून बोट फिरवलं. काहीतरी म्हणाली आणि काठी टेकत घरी निघून गेली. काय म्हणाली ते मेटानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रपट्यावर घणाचा आवाज आला. पंचवीसच्या पंचवीस आले होते, वर मेटाच्या बायकोचा भाऊ. सहा दिवसांत त्यांनी दहा दिवसांचं काम उभं केलं. शेवटच्या दिवशी मीसुद्धा पदर खोचून पाण्यात उतरले आणि दगड दिले. सत्ताविसाव्याचा खरा दगड आम्ही नाल्यात शोधून काढला, तर तो दोन तुकडे होऊन पडलेला. नवा अचलपूरहून घडवून यायला आठ दिवस तरी लागणार. म्हणून त्या जागी धोंड्यांची एक रास रचली आणि वर एका चपट्या दगडावर चुना लावून आकडा काढला. ती रास खांबापासून चांगली वीस पावलं लांब होती, हे मी स्वतः मोजून पाहिलं.

साहेब ठरल्या दिवशी आला. गोरा, उंच, हिंदी चांगली बोलायचा. चाळिसाव्यापर्यंत जाऊन मोटार दुपारी परत आली. चौतिसाव्याच्या रपट्यावरून ती दोन्ही वेळा पाण्याचे शिंतोडे उडवत गेली, जराही न अडकता. हे मोटारीत मागं बसले होते, ताप त्या आठवड्यात चुकला होता. मी आणि गँग सत्ताविसाव्याजवळ उभे होतो, कारण तिथं साहेब उतरून वही लिहिणार असं मेटाला कळलं होतं. म्हातारीही आली होती, झाडाखाली बसली होती.

साहेब उतरला. खुशीत होता. सडक अशी ह्या मैलांत मी कधी पाहिली नाही, असं म्हणाला. वही उघडली, पेन्सिल काढली. मग त्याची नजर राशीवर गेली. त्यानं बुटानं वरचा दगड हलवला.

"ये क्या है?"

ह्यांनी सांगितलं की दगड पुरात फुटला, नवा आठ दिवसांत येईल.

"आठ दिन नहीं. मुझे आज लिखना है, बीस से चालीस, सब पत्थर पूरे." त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हातातल्या काठीनं मुंड्याकडे दाखवलं. "वो खंबा खड़ा है ना? उसपर लिखो. अभी. मेरे सामने."

डांबराचा डबा माझ्या छकड्यात होता. सगळ्यांना दिसत होता. म्हातारीला हिंदी येत नव्हती, पण काठी कुठं गेली ते तिनं पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. मेट माझ्याकडे पाहत होता. साहेबाकडे नाही, ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, एकदा काढलं आहे, पुन्हा काढू. साहेबाची मोटार घाट उतरली की आज संध्याकाळीच रॉकेल घेऊन बसू. ताजं डांबर तर लवकर निघतं. म्हातारीला समजावू, तिची समजूत पटेल. एका आकड्यासाठी सहा वर्षं पाण्यात घालायची का? पातूरचं ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी छकड्याकडे एक पाऊल टाकलंसुद्धा, आणि 'लिवा' हा शब्द माझ्या तोंडात आला होता.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा आवाज आला. तो मोठा नव्हता. रोजचाच होता.

"नहीं, साहब."

साहेबानं वळून पाहिलं. त्यालाही हा माणूस असं बोलू शकतो हे माहीत नसावं. "क्यों नहीं?"

"वो खंबा नहीं, साहब. आदमी है."

साहेबानं ह्यांच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, मग मोटारीत बसला. तिथंच बसून वहीत दोन ओळी लिहिल्या आणि मोटार परतवाड्याकडे निघाली. ह्यांना त्यानं तिथंच सोडलं. आम्ही दोघं छकड्यातून घरी आलो. वाटेत हे एवढंच म्हणाले की भूक लागली आहे.

कागद आला तो उन्हाळ्यात. नाव होतं, पण हंगामी म्हणूनच. मी दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली, साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. ह्यांनी नवा दगड अचलपूरहून आणून बसवला होता, ते त्यावर चुना लावायला निघून गेले. पुढं दोन वर्षांनी ते कायम झाले, दुसऱ्या साहेबाच्या हाताखाली, अकोल्याला. मला माझी फळी मिळाली.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली तेव्हा एकदा माझे भाऊ आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर विषय निघाला, साहेबलोकांपुढं कोण कसा उभा राहायचा याचा. हे सहसा बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी मुंड्याची गोष्ट सांगितली. भाऊ थक्क झाले. थोरला म्हणाला, "भाऊजी, तुमी? साहेबाले नाई म्हनलं?"

हे माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "मी कसला म्हनतो. पन ही मांगं उभी होती ना. मी म्हटलं, आता मी नाई बोललो तर ही बोलन, अन् हिच्यासमोर मले तोंड दाखवाले जागा राहनार नाई. हिच्याच जोरावर बोललो मी."

भाऊ हसले, मलाच शाबासकी दिली. मी पान लावत होते, ते लावत राहिले. सडकेवर ह्यांच्यामागं मी काय म्हणायला तोंड उघडलं होतं ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, आणि ह्यांचे डोळे मिटेपर्यंत कधीच सांगितलं नाही.